आरसा आणि साक्षीदार

आरशाला स्मृति नसते, हें आपण इतक्या सहजपणें मान्य करितों कीं त्या विधानाचा विचार करण्याची गरजच आपणांस वाटत नाहीं. जो समोर उभा असेल त्याचें रूप आरसा दाखवितो. तो दूर झाला कीं आरसा रिकामा. काल त्यांत कोणीं पाहिलें होतें हें त्याला आज विचारून उपयोग नाहीं. असें असतांना ज्या युक्तीचा सारा हेतु स्मृतीचें रक्षण हाच आहे, त्या युक्तीला संगणकशास्त्रांत ‘मिरर’ म्हणजे आरसा असें नांव पडावें, हें मला पूर्वीं थोडें विपरीत वाटत असे. पुढें एका चुकीनें मला शिकविलें कीं नांव अगदीं यथार्थ आहे. आमची समजूत तेवढी अयथार्थ होती. त्या समजुतीविषयीं, आणि तिच्या निमित्तानें ‘एखादी वस्तु जपणें म्हणजे काय’ या जुन्या प्रश्नाविषयीं, येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम त्या युक्तीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. युनिक्स ही संगणक चालविणारी प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली. तिच्या वळणावर पुढें तयार झालेल्या लिनक्ससारख्या प्रणालींवर चालणारीं यंत्रें आज बँकांत, विद्यापीठांत, इस्पितळांत रात्रंदिवस राबत असतात. अनेकांची एकाच वेळीं सेवा करणाऱ्या अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात, आणि त्याची स्मृति जिच्यावर लिहिलेली असते तिला डिस्क. जुन्या धाटणीची डिस्क मिनिटाला हजारों फेरे घेत अखंड फिरत असते. नव्या धाटणीची फिरत नाहीं, पण तीही झिजतेच. जळगांव-धुळ्याकडच्या वैशाखांत पारा चव्वेचाळीसाच्या पुढें गेलेला असतो आणि विजेचा लपंडाव चालू असतो. त्या दिवसांत सर्व्हरच्या खोलींत बसणाऱ्या मनुष्याला या झिजेची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाहीं. ‘डिस्क उडाली’ हा आमच्या धंद्यांतला शब्द आहे. प्राण उडून जावा तशी ती उडते, आणि बहुधा पूर्वसूचना न देतां उडते.

कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महाग डिस्कच्या ऐवजीं पुष्कळ लहान व स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. परंतु त्यांतली अडचण त्यांनीं स्वतःच हिशेबानें दाखवून दिली. एक डिस्क सरासरीनें ३०,००० तास टिकत असेल, तर शंभर डिस्कांच्या समूहांत कोणती तरी एक सरासरीनें ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आंत, उडावयाचीच. कुटुंब मोठें झालें कीं घरांत सुतकही वारंवार येतें, तसाच हा प्रकार. म्हणून समूहांत कांहीं भाग जादा ठेवावा आणि एकाच्या मरणानें माहिती मरूं नये, अशी योजना करणें भाग पडतें. या योजनेचे त्यांनीं जे प्रकार सांगितले, त्यांतला पहिला व समजण्यास सर्वांत सोपा प्रकार म्हणजे मिररिंग. तो त्यांच्या आधींपासूनच कांहीं ठिकाणीं प्रचारांत होता.

मिररिंगमध्यें दोन डिस्कांची जोडी लावतात. जें जें एकीवर लिहावयाचें तें तें त्याच वेळीं दुसरीवरही लिहिलें जातें. वाचावयाचें झालें तर दोहोंपैकीं कोणतीही चालते. एक उडाली तर दुसरी काम अडूं देत नाहीं, आणि सवडीनें नवी डिस्क बसविली कीं जिवंत डिस्कवरील सर्व मजकूर तिच्यावर उतरवून जोडी पुन्हा पूर्ण करितां येते. आमच्या वेदान्त्यांनीं बिंब आणि प्रतिबिंब यांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे; १९१६ सालीं अमळनेरास प्रतापशेठजींनीं तत्त्वज्ञान मंदिर उभारलें, तेव्हांपासून तर खानदेशालाही हा शब्द परका राहिला नाहीं. परंतु त्या विचारांत बिंब हें स्वतंत्र व प्रतिबिंब हें परतंत्र असतें; मुख नाहींसें झालें कीं आरशांतलें मुखही नाहींसें होतें. डिस्कांच्या जोडींत मूळ कोण आणि छाया कोण, हा भेद उरत नाहीं. एकीच्या मरणानें दुसरी मरत नाहीं. असा आरसा मिळाल्यावर नाशाचें भय संपलें असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. मला तसेंच वाटलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं खानदेशांतील एका संस्थेच्या सर्व्हरची देखरेख माझ्याकडे होती. गांवोगांवचे लोक आपल्या घरचे जुने कागद, मोडी बाडें, चोपड्या, भजनांच्या वह्या घेऊन येत. त्यांच्या प्रतिमा काढून घेऊन मूळ कागद ज्याचे त्याला परत करावयाचे, असा तो उपक्रम होता. तापीकांठच्या एका गांवाहून एक वृद्ध शेतकरी आपल्या आईची वही घेऊन आले. त्यांना सर्वजण आप्पा म्हणत. आईला अक्षरओळख नव्हती. ती जात्यावर व शेतांत जीं गाणीं म्हणे तीं आप्पांनीं शाळकरी वयांत पेन्सिलीनें उतरून ठेविलीं होतीं. चाळीसएक गाणीं असतील. आम्हीं प्रतिमा काढल्या, वही परत दिली, आणि मीं त्यांना मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, “आतां चिंता नाहीं, आप्पा, एक डिस्क उडाली तरी दुसरी आहे.” त्या पावसाळ्यांत त्यांच्या घराचें छप्पर गळलें, पेटी भिजली, आणि वहीचा लगदा झाला. त्यांनीं तो फेकून दिला. आमच्याकडे वही आहे या विश्वासावर त्यांनीं त्याचें फारसें दुःखही केलें नाहीं.

त्यानंतर महिन्याभरानें, एका संध्याकाळीं, जागा मोकळी करावी म्हणून मीं जुन्या निरुपयोगी फायली पुसण्याची आज्ञा लिहिली. ती लिहितांना दोन शब्दांच्या मध्यें एक रिकामी जागा अधिक पडली. माणसांच्या पत्रव्यवहारांत अशा जागेला कांहीं अर्थ नसतो. युनिक्सच्या लेखनांत मात्र तिच्यायोगें एका नांवाचीं दोन नांवें होतात, आणि जें पुसावयाचें नव्हतें तेंही पुसलें जातें. युनिक्सची अशी रीत आहे कीं काम निर्वेध पार पडलें तर यंत्र एक शब्दही बोलत नाहीं. त्या संध्याकाळीं तें बोललें नाहीं. चूक माझ्या ध्यानांत आली तोंवर यंत्राचें नित्याचें लिखाण त्याच मोकळ्या झालेल्या जागेवर चढत गेलें होतें, आणि परत मिळविण्याचे सारे प्रयत्न वायां गेले. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या. दोघींवरही तीं पानें नव्हतीं. आरशानें आपलें काम चोख केलें होतें: मीं एकीवरून पुसलें, तेंच त्यानें त्याच क्षणीं दुसरीवरूनही पुसलें. वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावयाचा बॅकअप शेवटचा घेतला होता चार महिन्यांपूर्वीं, म्हणजे आप्पांची वही येण्याच्या आधीं. तो घेण्याचा आळस कां झाला, याचें उत्तर माझ्याजवळ एकच होतें. आरसा आहे ना, असें मला वाटत होतें.

“डिस्क उडाली म्हणून सांगा,” असा सल्ला मला एका हितचिंतकानें दिला. हा सल्ला दुष्टपणाचा नव्हता. डिस्का उडतात हें सर्वांना ठाऊक आहे. त्यांत कोणाचा दोष नसतो, आणि ऐकणाऱ्यालाही दैवाला बोल लावून मोकळें होतां येतें. परंतु ज्यानें महिनाभर आधीं ‘एक उडाली तरी दुसरी आहे’ असें सांगितलें, त्याला हें खोटेंही धड बोलतां येत नव्हतें. यंत्र मेलें नव्हतें. यंत्रानें ऐकलें होतें. येथें मला प्रथमच स्पष्ट दिसलें कीं आपल्या वस्तूंवर येणारीं संकटें दोन जातींचीं असतात: एक राखणारा मरण्याचें, आणि दुसरें धनी चुकण्याचें. पहिल्या संकटावर आरसा हा उत्तम उपाय आहे. दुसऱ्या संकटांत तो चुकीचा साथीदार होतो. त्याची तत्परता हाच त्याचा गुण, आणि तीच तत्परता त्या प्रसंगीं घातक ठरते.

माणसांच्या व्यवहारांतही आपण या दोन गोष्टींत गोंधळ करितों. सांगितलेलें तत्काळ करणारा तो निष्ठावंत, असें आपण समजतों. पण तो केवळ आज्ञाधारक असतो. घरांतील जुना कारभारी धन्याच्या तोंडून ‘हे कागद जाळून टाक’ असें रागाच्या भरांत निघालें असतां ते गुपचूप माळ्यावर ठेवून देतो, आणि आठ दिवसांनीं धन्याचा राग निवळला कीं खालीं आणतो. त्यानें आज्ञा मोडली, परंतु धन्याचें हित राखलें. बॅकअप हा असा कारभारी आहे. तो मागें असतो, म्हणून त्याला आपण कमी लेखतों; आजचें त्याच्यापाशीं नसतें, कालचें असतें. परंतु कालचें असणें हेंच त्याचें काम आहे. ज्याला आपली आजची चूक ठाऊक झालेली नाहीं, तोच आपणांस कालचें शहाणपण परत देऊं शकतो. यावर कोणी म्हणेल कीं मग आरसा हवाच कशाला? तर तसें नाहीं. आज्ञाधारकपणाचेंही जगांत काम आहे. भर दुपारीं बँकेची डिस्क उडाली आणि कालचें पुस्तक उघडावें लागलें, तर सकाळपासून ज्यांनीं पैसे भरले त्यांचें काय? आरशाचा दोष नाहीं. आरशाला कारभारी समजणाराचा दोष आहे.

खानदेशच्या भूमीला हा प्रश्न नवा नाहीं. जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या गाण्यांचा सांठा एकाच ठिकाणीं होता, तो म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चित्तांत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधु यांनीं त्यांतलीं कांहीं गाणीं वेळोवेळीं लिहून घेतलीं म्हणून तीं उरलीं. १९५१ च्या डिसेंबरांत बाई गेल्या. १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें पुस्तक निघालें. आणि आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. जीं गाणीं कोणीं टिपलीं नाहींत तीं मात्र त्यांच्याबरोबरच गेलीं. तसेंच धुळ्याचें. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबांनीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं. शब्द उच्चारला आणि हवेंत विरला. परंतु समोर साने गुरुजी बसून लिहून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचनें’ हें पुस्तक आज हातीं आहे. सोपानदेव काय, गुरुजी काय, हे आरसे नव्हते. आरशाला सर्वच सारखें. हीं माणसें ऐकत होतीं, आणि ऐकलेलें राखावयाचें असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. तो निश्चयच निर्णायक होता.

आतां याच्या उलट बाजूचें उदाहरण पाहूं. जळगांवाहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील चित्रें भिंतींवरून झडून जात आहेत हें ओळखून कंपनी सरकारनें १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्यांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक केली. त्यानें वर्षानुवर्षें खपून मोठमोठीं तैलचित्रें तयार केलीं. तीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं होतीं. १८६६ च्या आगींत त्यांतलीं बहुतेक जळालीं. पुढें १८७२ पासून मुंबईच्या चित्रशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत त्यांतल्या पुष्कळशा भस्म झाल्या. गिल १८७९ सालीं वारला. भुसावळास त्याची कबर आहे. प्रती जळाल्या आणि ज्यांच्या नाशाच्या भयानें त्या काढल्या तीं मूळ चित्रें, जीर्ण झालेलीं कां होईनात, अद्याप आहेत!

या कथेंत डिस्का सांभाळणारानें ध्यानांत घ्यावयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी कीं सर्व नकला एका छपराखालीं ठेवल्या तर त्या कितीही असोत, आगीच्या दृष्टीनें ती एकच नकल होय. सर्व्हरच्या एकाच पेटींत शेजारीं शेजारीं बसविलेल्या दोन डिस्कांना वीज एकच, उष्मा एकच, आणि छप्पर गळलें तर पाणीही एकच. दुसरी गोष्ट अधिक कटु आहे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या वेळीं मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढविण्यांत आलें. तें कालांतरानें पिवळें पडून काळवंडलें, आणि तें उतरविण्याचें काम पुढच्या पिढ्यांना करीत बसावें लागलें. जपण्याच्या खटपटीनेंच मूळाला इजा झाली. आमच्याकडेही असें घडतें. एक डिस्क उडाल्यावर नवी बसवितात, तेव्हां जिवंत राहिलेली डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग वाचावी लागते. तीही तितकीच म्हातारी असली, तर त्या श्रमानें तिचाही ऐन वेळीं अंत होतो. म्हणून जाणते लोक जोडीसाठीं एकाच घाण्यांतल्या दोन डिस्का घेत नाहींत.

ग्रिफिथ्सच्या कामाचा जो भाग १८९६-९७ सालीं ग्रंथरूपानें छापला गेला तो ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोहोंचला आणि वांचला. हेंच धोरण इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्यभर चालविलें. गांवोगांव पायपीट करून मिळविलेले कागद पेटींत कोंडून न ठेवतां १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड त्यांनीं लोकांसमोर ठेवले. १९२६ च्या ३१ डिसेंबरास धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि पुढच्याच जानेवारींत धुळ्यांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. शंभर घरीं शंभर प्रती असल्या म्हणजे एका घराला लागलेली आग ही केवळ त्या घराची आग राहते. आमच्या धंद्यांत हल्लीं असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दूर अन्य गांवीं.

परंतु प्रती वाढल्या कीं एक नवाच प्रश्न उभा राहतो. दोन प्रती जुळल्या नाहींत तर खरी कोणती? डिस्क एकदम उडते तें परवडलें. तिचें मरण दिसतें तरी. पण कधीं कधीं ती जिवंत राहून चुकीचें वाचते. एखादें अक्षर आपोआप बदललेलें असतें, आणि ती तें निःशंकपणें पुढें करिते. साध्या मिररिंगमध्यें दोन्ही बाजू ताडून पाहिल्या तर त्यांच्यांत भेद आहे एवढेंच कळतें. खोटी कोण हें कळत नाहीं. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलले तर न्यायाधीशाला तिसरा शोधावा लागतो. हें काम ‘झेडएफएस’ या व्यवस्थेनें मोठ्या मार्मिकपणें साधलें आहे. सन कंपनीनें ती २००५ सालीं बाहेर आणली. तिच्यांत प्रत्येक मजकुराची एक संक्षिप्त खूण, जिला चेकसम म्हणतात, ती मजकुराच्या शेजारीं न ठेवतां त्याच्या वरच्या पायरीवर वेगळी नोंदलेली असते. वाचलेला मजकूर त्या खुणेशीं जुळला नाहीं तर दुसऱ्या डिस्कवरचा पाहावयाचा. तो जुळला तर तो खरा, आणि त्यावरून पहिला दुरुस्त करावयाचा. साक्ष व साक्षीची खूण एकाच्याच हातीं असूं नये, हें यांतलें बीज आहे.

हेंच काम आपल्याकडे पैठणास एकनाथांनीं आपल्या पद्धतीनें केलें होतें. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तीनशें वर्षें ती हातोहात उतरली गेली. प्रत्येक नकलकारानें समोरच्या पोथीचा आरसा व्हावयाचें पत्करलें, आणि मागच्याची चूकही पुढें नेली. कोणी आपल्या पदरचें भरही घातलें. १५८४ सालीं एकनाथांनीं अनेक प्रती मिळवून, ताडून, पाठ शुद्ध केला, आणि पुढें कोणीं आपली ओवी यांत घालूं नये असेंही बजावलें. त्यांच्यापाशीं चेकसम नव्हता. भाषेचें ज्ञान, ज्ञानदेवांच्या वाणीचा परिचय, आणि सत्याची भीड होती. यंत्राची खूण अक्षर बदललें एवढेंच सांगते. अर्थ बिघडला कीं नाहीं हें सांगण्यास अद्याप मनुष्यच लागतो.

आणखी एक धोका सांगून हा विषय पुरा करितों, कारण तो यंत्राचा नसून सर्वस्वीं मनाचा आहे. जोडींतली एक डिस्क उडाली तरी सर्व्हर पूर्ववत् चालतो, हें मीं वर गुण म्हणून सांगितलें. परंतु पूर्ववत् चालतो म्हणूनच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. लिनक्सवर या जोडीची स्थिति एका फायलींत दिसते: दोन्ही डिस्क बऱ्या असल्या तर चौकटी कंसांत दोन ‘यू’ अक्षरें असतात, एक उडाली कीं तिच्या जागीं नुसती आडवी रेघ येते. एवढीशी रेघ! ती पाहणारा कोणी नसेल, तर महिनोन् महिने ती तशीच राहते, आणि दुसरी डिस्क उडते त्या दिवशीं सर्वजण आश्चर्य करितात कीं दोन डिस्क असतांना असें झालें कसें. पडद्यावरची ती रेघ वाचावी, बॅकअप नुसता घेऊं नये तर त्यांतून एखादें पान परत काढून पाहावें, हीं कामें कंटाळवाणीं आहेत. त्यांना कोणी वाहवा म्हणत नाहीं. तीं नीट झालीं तर कांहींच घडत नाहीं. परंतु जपणें म्हणजे हींच कामें. साधन जितकें उत्तम, तितका हा कंटाळा आपणांस अधिक सयुक्तिक वाटूं लागतो. मला वाटूं लागला होता. माझी खरी चूक त्या संध्याकाळच्या रिकाम्या जागेची नव्हती. हात कोणाचाही चुकतो. खरी चूक त्याआधींच्या चार महिन्यांची होती, आणि ती करतांना मी अगदीं निश्चिंत होतों.

मी आप्पांच्या गांवीं गेलों. मीं तोंड उघडण्यापूर्वींच त्यांनीं विचारलें, “मायनी वही शे ना, भाऊ?” मीं झालें तें सांगितलें, डिस्क उडाली असें म्हटलें नाहीं, माझ्या हातून पुसलें गेलें असें सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले कीं कांहीं गाणीं आठवतात. त्या दिवशीं आणि पुढच्या दोन खेपांत आम्हीं अकरा गाणीं लिहून काढलीं. त्यांची बहीण जळगांवास दिलेली; तिच्याकडे गेलों तर तिला त्यांतलीं सात येत होतीं, पण चारांत शब्द निराळे होते, आणि एका गाण्याचा शेवटच वेगळा होता. आप्पा म्हणत मीं लिहून घेतलें होतें, माझें खरें. बहीण म्हणे मी आईबरोबर जात्यावर बसत होतें, माझें खरें. वही असती तर तिला विचारलें असतें. तिसरा साक्षीदार मींच पुसून टाकला होता.

शेवटीं दोघांचेही पाठ एकाखालीं एक लिहिले, आणि कोणता खरा याचा निर्णय केला नाहीं. त्यांच्या छापील प्रती आप्पांच्या घरीं आहेत, बहिणीच्या घरीं आहेत, सर्व्हरवर आहेत, आणि सर्व्हरपासून दूर दुसऱ्या गांवीं एका डिस्कवर आहेत. ती डिस्क महिन्यांतून एकदां मी स्वतः लावून उघडून पाहतों. उरलेलीं तीसएक गाणीं कोठेंच नाहींत.